बाराव्या महिन्याची फळी

१

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दिवे लागायच्या सुमाराला, कुमेजिरो आपल्या मेणबत्त्यांच्या दुकानाबाहेरची फळी उलटायचा. त्याच्या आधी त्याचे वडील उलटत. देवदाराची फळी, दोन बोटं जाड, वरच्या टोकाला लोखंडी कडी. एका अंगावर ‘मोठा’ कोरलेलं, दुसऱ्या अंगावर ‘लहान’. मोठा महिना तीस दिवसांचा, लहान एकोणतीस. कुठला महिना मोठा निघेल ते दरवर्षी बदलायचं, म्हणून घाटाखालच्या त्या गावात प्रत्येक दुकानावर अशी फळी असेच. लागोपाठ दोन महिने मोठे आले तरी कुमेजिरोच्या घरी फळी खिळ्यावरून काढून, हातावर घेऊन, पुन्हा अडकवली जाई. महिना संपला की त्याचा आवाज झाला पाहिजे, असं वडील म्हणत.

तो आवाज म्हणजे खांबावर लाकूड आपटल्याचा एकच ‘खट्’.

मग आतून आई विचारायची, “उलटलीस का रे?”

“उलटली.”

“बरं.” आणि ती शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख ओढायची. त्यानंतर तो महिना घरात कोणी बोलण्यातही काढत नसे.

मेइजी राजवटीच्या पाचव्या वर्षी, अकरावा महिना चालू असताना, राजधानीतून फर्मान आलं. चंद्राचं पंचांग बंद. बाराव्या महिन्याची दोन तारीख संपली की तीन येणार नाही. त्या सकाळी सहाव्या वर्षाची पहिली तारीख उजाडेल. बाराव्या महिन्याचे उरलेले अठ्ठावीस दिवस रद्द. यापुढे कुठला महिना किती दिवसांचा ते कायमचं ठरलेलं, तेव्हा दुकानांवरच्या फळ्याही उतरवायच्या.

“बघितलंत ना, दादा?” तोफूवाला हान्झो खांद्यावरची कावड ओट्यावर टेकवत म्हणाला. “वर्ष बदललं की आपण सगळे एका वर्षाने मोठे. म्हणजे सरकारने मला अठ्ठावीस दिवस आधीच म्हातारा केला. आता बायको म्हणते, वय वाढलं, अक्कल कधी येणार? मी म्हटलं, ती त्या अठ्ठावीस दिवसांत यायची होती.”

कुमेजिरो हसला. त्याला खरं तर या फर्मानाचा मनातून आनंद झाला होता. त्याचं कारण आतल्या खोलीत झोपलेलं होतं.

२

आई शरद ऋतूपासून अंथरुणाला खिळली होती. वैद्यांनी नाडी बघून, अंगणात येऊन, आवाज उतरवून सांगितलं होतं, “हे वर्ष काढतील. पुढच्या नवीन वर्षाचा मोचीचा गोळा काही त्यांच्या तोंडी लागत नाही.”

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कुमेजिरोने रश्शात शिजवलेला मोचीचा गोळा वाटीत घालून आईच्या खोलीत नेला. कुटलेल्या भाताचा तो गोळा तिने दातांनी जेमतेम कुरतडला.

“आई, वर्ष उलटलं. वैद्यबुवा हरले.”

आईने दाराकडे मान वळवली. “बाहेर चंद्र कसा आहे?”

“काल तर दिसला नाही. आज संध्याकाळी कोर दिसेल.”

“कोर म्हणजे तीज. नवीन वर्षाला कधी कोर असते का? अमावास्या पाहिजे. मला वेडी समजतोस?” तिने वाटी बाजूला सारली. “तुमचं वर्ष उलटलं असेल. माझा बारावा चालू आहे. मोठा महिना आहे, तीस दिवसांचा. दोनच दिले, अठ्ठावीस राहिले. ते मी सोडणार नाही.”

“बरं, नको सोडूस.”

“मग फळी का उतरवलीस?”

कुमेजिरोचं वय शेहेचाळीस. पण आईने असं विचारलं की त्याला अजूनही खाली बघावंसं वाटे. उतरवलेली फळी त्याने मालाच्या खोलीत ठेवली होती. ती आणून आईच्या खोलीबाहेर, ओसरीवरच्या खांबाला खिळा ठोकून त्याने टांगली. ‘मोठा’ हे अंग पुढे. आजारी माणसाचं मन राखायचं, एवढाच हेतू. आईला ती अंथरुणातून दिसत नव्हती. कागदी दारापलीकडून तिने फक्त आवाज ऐकला. खट्.

“बरं,” आई म्हणाली.

त्याच दिवशी त्याने आणखी एक गोष्ट केली, तीही सोयीची म्हणून. डोंगरावरच्या मठाला दर महिन्याच्या तिथींच्या मेणबत्त्या त्याच्याकडून जात. गावात ज्याचा बाप, आई, मूल ज्या तिथीला गेलं, त्या तिथीला त्याच्या नावाची एक मेणबत्ती. प्रत्येकीला नाव आणि तारीख लिहिलेली कागदाची पट्टी गुंडाळलेली. बाराव्या महिन्यातल्या तीन ते तीस तारखांच्या एक्केचाळीस मेणबत्त्या त्याने आधीच वळून ठेवल्या होत्या. मठातले वृद्ध भिक्षू एकाई म्हणाले, “दिवसच नाहीत तर तिथी कुठल्या? पुढच्या डिसेंबरात बघू. ठेवून दे.” आईच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उत्तरेला, थंड. पेटी तिथे ठेवली.

त्या एक्केचाळिसांत एक त्याच्या वडिलांची होती. चोवीस तारीख.

३

पाचव्या दिवशी पेटी उघडली ती उंदरांच्या शंकेने. झाडाचं मेण उंदरांना फार आवडतं. धंद्यातला प्रत्येक माणूस हे जाणतो. कुमेजिरोने मोजलं. सदतीस.

पुन्हा मोजलं. सदतीसच. नसलेल्या चारांच्या पट्ट्या मात्र पेटीतच होत्या, व्यवस्थित चौघडी करून कोपऱ्यात ठेवलेल्या. तीन तारखेची एक. पाचची एक. सातच्या दोन.

त्याने बोटांवर हिशेब केला. नव्या पंचांगाची आज पाच. आईच्या पंचांगाची सात.

स्वयंपाकघरात बायको सायो मुळे चिरत होती.

“आईच्या खोलीत तिथीच्या मेणबत्त्या लावतेस का तू?”

“मी? तुमच्या मेणबत्त्यांना हात लावायची सोय आहे का या घरात? गेल्या वर्षी एक वाकडी घेतली होती, तिचं अजून ऐकते आहे.”

“मग कोणी लावल्या?”

“उंदरांनी खाल्ल्या असतील.”

“उंदीर पट्ट्यांच्या घड्या घालत नाहीत, सायो.”

सायोची सुरी थांबली. “आईंना उठता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कूस मी बदलते त्यांची.” मग ती म्हणाली, “एक सांगू? दोन दिवस झाले, पेजेचं भांडं रिकामं येतंय. पुसल्यासारखं. आधी चार घोट जात नव्हते.”

ही चांगली बातमी होती. कुमेजिरोने ती चांगलीच मानायचं ठरवलं. आईनेच कशीबशी सरपटत जाऊन मेणबत्त्या लावल्या असतील. घड्या घालायची सवय तिचीच. त्याने कपाटाच्या दाराला दोरा बांधला आणि गाठीवर मेणाचा थेंब टाकला.

दोन दिवसांनी दोरा तसाच होता, थेंबही. आणि पेटीत छत्तीस होत्या.

४

अकरा जानेवारीला सकाळी तो दुकानात वाती वळत होता. लव्हाळ्याचा गर कागदाच्या नळीवर एकाच ताणाने गुंडाळायचा असतो. मन दुसरीकडे गेलं की वात सैल पडते. घरातून आवाज येत होता. सरऽ सरऽ, वरून खाली. थांबून पुन्हा सरऽ सरऽ. इतका ओळखीचा आवाज की त्याच्याकडे लक्षच जाऊ नये. लांब बांबूच्या टोकाला पानं बांधून छताची काजळी झाडतात, तो. दरवर्षी बाराव्या महिन्याच्या तेराला सगळं गाव झाडतं.

मग त्याचा हात थांबला. या वर्षी कोणीच झाडलं नव्हतं. तेरा आलीच नव्हती.

तो ओसरीवर आला तेव्हा आवाज आईच्या दारामागून येत होता. एकाच बांबूचा नव्हता. सहा-सात तरी असावेत, आणि त्यांत मधूनच कोणीतरी दबकं हसत होतं. काजळी डोळ्यात गेली की हसतात तसं. त्याने दार सरकवलं.

आई उशीला टेकून बसली होती. एकटीच. चटईवर काळ्या भुकटीचा पातळ थर होता आणि त्यावर बांबूची सुकी पानं विखुरलेली. छताची तुळई मात्र लख्ख दिसत होती. आडव्या लाकडाच्या रेषासुद्धा, ज्या त्याने लहानपणानंतर पाहिल्या नव्हत्या.

“दार लाव, वारा येतो,” आई म्हणाली.

“कोण होतं इथे?”

“तेराची मंडळी. झाडायला आली होती.” आईच्या गालांवर रंग होता. “म्हणाली, बाहेर कुठेच तेरा सापडली नाही. गावभर हिंडली बिचारी. मठात गेली तर मठ बंद. एवढ्या थंडीत जायचं कुठे माणसाने? इथे फळी दिसली म्हणून आली.”

“कुठली माणसं, आई?”

“तुझ्याच तर पेटीत आहेत सगळी,” आई म्हणाली, जणू तो मुद्दाम वेड पांघरतो आहे.

कुमेजिरोने खाली बसून पानं गोळा केली. एक्केचाळीस पानं होईपर्यंत तो ती मोजत होता हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग त्याने ती तशीच मूठभर उचलून अंगणात टाकली.

५

त्यानंतर तो मठात गेला.

“महाराज, वडिलांची तिथी चोवीसची. तेरावं वर्ष आहे. चार मंत्र म्हणा. दिवस नव्या पंचांगाने बावीस पडतो.”

एकाईंनी शेगडीवर हात शेकले. “तुझ्या वडिलांचं केलं तर बाकी चाळीस घरं विचारतील, आमचं का नाही? तालुक्याहून माणूस येऊन गेलाय, कुमेजिरो. जुन्या तारखेने काही करू नका म्हणून. डिसेंबरात करू ना. ते काय पळून जातायत?”

“तेच तर, महाराज. ते पळून गेलेले नाहीत.”

वृद्ध भिक्षूंनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

बावीसला कुमेजिरो सकाळपासून आईच्या दाराबाहेर ओसरीवर बसला. अंगणात बर्फ पडत होतं. आतून वितळल्या मेणाचा वास येऊ लागला. मग खोकला ऐकू आला. कोरडा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी घसा खाकरून. तो खोकला त्याने बारा वर्षं ऐकला नव्हता. कुमेजिरोने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

“कुमे,” आतून आई म्हणाली. “तुझे वडील म्हणतायत, वात सैल वळलीस. धूर करते.”

वात खरोखरच सैल होती. ती त्याने आईच्या आजाराच्या पहिल्या दिवशी वळली होती, आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं.

“चुकलं म्हणावं,” तो म्हणाला.

आत कोणीतरी नाकाने फुसकन हसलं.

“ऐक,” आईचा आवाज आता दाराच्या अगदी जवळून आला. बसून बोलणाऱ्या, धडधाकट बाईचा आवाज. “तीसला सगळे निघणार. महिना संपला की इथे राहता येत नाही. मीही त्यांच्याबरोबरच निघते. सोबत चांगली आहे. वाट बर्फाची असली तरी तुझ्या वडिलांना माहीत आहे. तू फक्त वेळेवर फळी उलट. पुढचा लहान आहे.”

“आई, तू बरी होते आहेस. पेज जाते, बसतेस…”

“वेड्या, ती पेज मी एकटी पीत नाही.”

६

त्या सहा दिवसांत कुमेजिरोने जो विचार केला तो त्याला अगदी सरळ वाटला. आई तीसला जाणार, कारण तीसला महिना संपणार. महिना संपणार, कारण फळी उलटणार. आणि फळी उलटायचा हात त्याचा.

सायोला त्याने एवढंच विचारलं, “तुझ्या हातात असतं, तर तू तुझ्या आईला जाऊ दिलं असतंस?”

“हातात असतं तर कोण जाऊ देतं?” सायो म्हणाली. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत, “पण तिने स्वतः विचारलं असतं तर… कोण जाणे. असं काय विचारता?”

अठ्ठावीस जानेवारी. आईची तीस. दिवे लागायची वेळ झाली. तो ओसरीवर, फळीसमोर उभा राहिला. आत एवढी शांतता होती, जितकी पुष्कळ माणसं एकदम गप्प बसल्यावर होते.

“उलटलीस का रे?”

कुमेजिरोने फळीला हात लावला नाही.

“उलटली,” तो म्हणाला.

आत काही हललं नाही.

“आवाज आला नाही,” आई म्हणाली.

त्याने मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी खांबावर एकदा ठोकलं. टक्. हाडाचा आवाज होता तो, लाकडाचा नव्हता. स्वतःच्या कानालाही तो खोटा लागला.

मग आई म्हणाली, “बरं.” पण ते लहान मुलाने खोटं बोलल्यावर, पकडायचं नाही असं ठरवून, आई म्हणते तसं होतं. आणि निखाऱ्यांवर राख ओढल्याचा आवाज आला नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाराबाहेरून हाक मारली. “आई?”

“आहे,” आतून आलं. खूप लांबून आल्यासारखं. सहा चटयांच्या खोलीत माणूस इतकं लांब असू शकत नाही.

तो दुकानात जाऊन बसला. आनंद व्हायला हवा होता. आई आहे. पण हात चालेना. जुन्या पंचांगात एकतीस कधीच नव्हती. तीसच्या पुढे एक येते. मध्ये काही नसतं. मग आईच्या खोलीत आज कुठली तारीख आहे?

दुपारी बर्फ थांबलं आणि उजेड पडला. तो ओसरीवर आला. फळी टांगलेली होती, ‘मोठा’ पुढे. त्याने दार चार बोटं सरकवलं.

आत पाठी होत्या.

रांगेने बसलेल्या माणसांच्या पाठी, सगळ्यांची तोंडं पलीकडे. गवती इरली, त्यांवर बर्फ. खोलीत शेगडी असून ते वितळलेलं नव्हतं. तो मोजू लागला, कारण मोजणं त्याला येत होतं, आणि एका रांगेपुढे दुसरी, दुसरीपुढे तिसरी अशी नजर जात राहिली. खोलीची पलीकडची भिंत काही येईना. जवळच्याच रांगेत एका कानाची पाळी भाजून आखडलेली होती. तो कान त्याला ठाऊक होता. उकळतं मेण वडिलांच्या अंगावर उडालं तेव्हा कुमेजिरो सात वर्षांचा होता आणि धक्का त्याचाच लागला होता. त्या कानाशेजारी आईचे पांढरे केस, प्रवासाला निघाल्यासारखे घट्ट बांधलेले.

कोणी वळून पाहिलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, दाराच्या बाजूला, किंचित कललेल्या होत्या. ऐकणाऱ्या माणसाची मान कलते तशा. ते वाट पाहत होते. फळी त्याच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

हात उचलायचा. काढायची, फिरवायची, अडकवायची. एक खट्. आणि ते पांढरे केस उठून चालू लागणार.

कुमेजिरोने दार लावून घेतलं.

आई झोपली आहे असं कुमेजिरोने सकाळी सांगितल्यामुळे सायो दिवसभर आत गेली नव्हती; तिन्हीसांजेला ती पेज घेऊन गेली आणि भांडं तिच्या हातून पडलं. आई अंथरुणात उताणी होती, हात छातीवर. वैद्य आले. “काल संध्याकाळीच गेल्या आहेत,” ते म्हणाले. “अंग बघा की, लाकूड झालंय.”

“सकाळी बोलली माझ्याशी.”

वैद्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मृत्यूच्या नोंदीत अठ्ठावीस जानेवारी लिहिली गेली. मठातही तीच. सगळं उरकल्यावर कुमेजिरोने कपाटातली पेटी उघडली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पट्ट्या, घड्या घातलेल्या. मेणबत्ती एकही असायला नको होती. पण एक होती. त्याने वळलेली नव्हे. वात इतकी घट्ट की त्याला जन्मात जमली नसती. तिच्या पट्टीवर आईचं नाव होतं, तोमे. तारखेची जागा कोरी होती. लिहिणाऱ्याला काय लिहावं ते कळलं नसावं.

पट्टी आणि मेणबत्ती त्याने होती तशीच ठेवली, आणि फळी खिळ्यावरून काढून, न उलटता, चुलीत घातली. देवदार सुकं होतं, भडकन पेटलं. आता फळी उलटणं कोणाच्या हातात नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

८

वर्ष गेलं. लोक नव्या तारखांना सरावले. डिसेंबर लागल्यावर मठात राहून गेलेल्या तिथी झाल्या; चोवीसला वडिलांचीही झाली. त्याने वात स्वतःच्या मते घट्ट वळली होती. काही ऐकू आलं नाही. आईची खोली बंदच होती.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी हान्झो तोफू देऊन, कावड उचलता उचलता म्हणाला, “चला दादा, आज एकतीस. बाराव्या महिन्याची एकतीस! आमच्या आज्याला सांगितलं असतं तर शेण घातलं असतं त्याने तोंडात. आता दरवर्षी यायची म्हणे.”

कुमेजिरोने हातातलं तोफूचं भांडं परत ओट्यावर ठेवलं.

“काय झालं?”

“काही नाही. दरवर्षी, नाही का?”

“दरवर्षी. सरकारने लिहूनच दिलंय.”

दिवे लागायच्या सुमाराला सायो स्वयंपाकघरात वर्षअखेरच्या शेवया उकळत होती. तिथूनच तिने हाक मारली, “अहो, आईंच्या खोलीत दिवा तुम्ही लावलात का?”

तो ओसरीवर गेला. कागदी दारावर पिवळा, न हलणारा उजेड होता. घट्ट वातीचा. धूर न करणारा.

खांबावर रिकामा खिळा होता. त्याच्याखाली फळीच्या आकाराची फिकट खूण.

“उलटलीस का रे?” आतून आईने विचारलं.

कुमेजिरोने मूठ वळली, खांबापर्यंत नेली. पेरं लाकडाला टेकली आणि तिथेच राहिली. ठोकायचं धैर्य त्याला झालं नाही.

आत कोणी रागावलं नाही. थोडा वेळ वाट पाहिली गेली. मग चटई करकरली. एकीकडे, मग दुसरीकडे, मग खूप आत, जिथे खोली संपायला हवी होती त्याच्याही पलीकडे. पुष्कळ माणसांनी एकामागून एक मांडी सावरून, नीट टेकून बसावं तसा तो आवाज होता.